सत्तरावी मेणबत्ती

कमलाबाई मेश्रामांच्या पांढऱ्या साडीबद्दल आधी सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोळ तिच्यापायी झाला. तशी साधी सुती साडी, बोटभर निळ्या काठाची. पण तिचे लाड बघाल तर थक्क व्हाल. वॉशिंग मशीनमध्ये ती जात नाही म्हणजे जातच नाही. बाथटबमध्ये हातानं धुवायची, मग नीळ, मग भाताच्या पेजेची खळ आणि शेवटी अर्धा तास इस्त्री. नीळ येते नागपूरहून. कोणी ओळखीचं इकडे टेक्ससात, अर्विंगला यायला निघालं की कमलाबाईंचा फोन जातो. त्यांना ना चिवडा लागतो, ना पापड, फक्त निळीच्या दोन बाटल्या.

त्यांच्या अपार्टमेंटचा नियम आहे की बाल्कनीत कपडे वाळत घालायचे नाहीत. पहिल्या वर्षी लीजिंग ऑफिसमधून दोनदा पत्र आलं. मुलगा प्रितम वैतागला, म्हणाला, आई, इथं असं चालत नाही. कमलाबाईंनी पत्र चष्मा लावून नीट वाचून काढलं आणि दुसऱ्या दिवसापासून साडी काचेच्या दाराच्या आतल्या बाजूला, दोन खुर्च्यांवर पसरून उन्हात वाळू लागली. नियम बाल्कनीचा होता, खुर्च्यांबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं. तेव्हापासून प्रितमनं त्या विषयावर ब्र काढलेला नाही.

बाई अशी खमकी. तेहतीस वर्षं उमरेड तालुक्यात सरकारी नर्स होत्या. खांद्याला लसीचा डबा लावून गावोगाव फिरल्या, अंगणात उभं राहून सासवांशी भांडल्या, सुनांना दवाखान्यात आणलं. नवरा अंबाझरीच्या फॅक्टरीत होता, सहा वर्षांपूर्वी गेला. प्रितम अमेरिकेचा नागरिक झाल्यावर त्यानं आईला बोलावून घेतलं, त्याला आता तीन वर्षं झाली. इथं आल्यावरही त्यांच्यातली सिस्टर रिटायर झाली नाही. टेक्ससातल्या आंबेडकरी मंडळींचा एक छोटासा ग्रुप आहे, सगळे नागपूर, अमरावती, मुंबईकडचे, कोणी आयटीत, कोणी हॉस्पिटलात, कोणी अजून शिकणारं. त्यांच्या पॉटलकला, म्हणजे प्रत्येकानं घरून एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, कमलाबाई बीपीचं मशीन घेऊन जातात. जेवणाआधी बीपी दाखवल्याशिवाय भाताला हात लावू देत नाहीत, आणि लोक हसत हसत बाही वर करतात.

पौर्णिमा, जयंती, वंदना असली की त्यांच्या अंगावर ती पांढरी साडी असणार. त्यावरून एकदा इंडियन ग्रोसरीत एक प्रसंग घडला होता. भाजीच्या रॅकपाशी एक मराठी काकू भेटल्या. कमलाबाईंना आपादमस्तक न्याहाळून त्यांनी चेहरा पाडला आणि विचारलं की फार वाईट झालं हो, यजमान केव्हा गेले? कमलाबाईंच्या नाकावर राग तयारच असतो. त्या म्हणाल्या, माझे मिस्टर होते तेव्हाही मी हीच साडी नेसत होते, तुम्ही तुमची भेंडी निवडा. काकू भेंडीकडे वळल्या. पण खरं सांगायचं तर त्या दिवशी घरी आल्यावर कमलाबाईंना जेवण गेलं नाही. त्या बाईनं मनापासून चौकशी केली होती, आणि आपण तिला झिडकारलं, हे त्यांना आत कुठंतरी लागून राहिलं. नीट सांगितलं असतं तर तिला कळलं असतं, असं त्या सुनेला म्हणाल्या. सून उपासना म्हणाली, आई, प्रत्येकाला कुठं सांगत बसणार?

आता मूळ गोष्टीकडे येऊ.

या ग्रुपचा वर्षातला मोठा दिवस म्हणजे धम्मचक्र प्रवर्तन दिन. एकोणीसशे छप्पनच्या चौदा ऑक्टोबरला बाबासाहेबांनी नागपुरात दीक्षा घेतली आणि लाखो लोकांना दिली, त्याची आठवण. गेल्या वर्षी तो एका अपार्टमेंटच्या क्लबहाऊसमध्ये केला. पन्नासेक माणसं, समोर बुद्धमूर्ती, बाबासाहेबांचा फोटो, आणि अडुसष्ट वर्षं झाली म्हणून अडुसष्ट मेणबत्त्या. त्या एकदम पेटल्या आणि छताचा अलार्म कोकलायला लागला. वंदना अर्धी झाली नव्हती तोच फायर ब्रिगेडचे दोघं जण हेल्मेट आणि बुटांसकट आत. माणसं भली होती, कोपऱ्यात उभं राहून त्यांनी वंदना संपू दिली. पण क्लबहाऊसचं बुकिंग त्या ग्रुपला कायमचं बंद झालं. दुसरीकडे चौकशी केली तर कुठं भाडं न परवडणारं, कुठं खरी ज्योत चालणार नाही.

ग्रुपचा सेक्रेटरी प्रफुल्ल गजभिये, चाळिशीचा, सज्जन आणि भित्रा. त्यानं सुचवलं की यंदा बॅटरीच्या मेणबत्त्या लावू, नाहीतर सरळ झूमवर करू.

"बावीस प्रतिज्ञा काय म्यूटवर घ्यायच्या का?" कमलाबाईंनी विचारलं.

प्रफुल्लनं झूमचा विषय सोडला. पण कमलाबाईंना त्या रात्री झोप लागली नाही. लग्न होऊन आल्यापासून एकेचाळीस वर्षांत त्यांनी तो दिवस कधी चुकवला नव्हता. बाळंतपणातही नाही, ड्यूटीवर असतानाही नाही. आणि इथं ग्रुपमध्ये चार-पाच लेकरं अशी होती की ज्यांनी गेल्या वर्षी पहिल्यांदा शंभर हात एकदम जोडलेले पाहिले होते, आणि लगेच भोंगा ऐकला होता. त्यांच्या लक्षात भोंगाच राहील, या विचारानं बाईंचा जीव तुटायचा. यंदा जागा मिळाली नाही तर ही पद्धत मोडेल, आणि एकदा मोडली की परत बसायची नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

जागा सापडली ती उपासनाला, फोनच्या नकाशावर. अर्विंगपासून तासाभरावर एका लहान गावात एक मंदिर होतं, आणि मंदिरातच म्युझियम. चिनी आणि थाई कला, संस्कृती असं काहीसं लिहिलेलं. फोटोत मोकळं अंगण दिसत होतं आणि अंगणाच्या मधोमध वाळूनं भरलेलं एक भलंमोठं पितळी पात्र, त्यात खोचलेल्या उदबत्त्या. कमलाबाईंनी तो फोटो दोन बोटांनी मोठा करकरून पाहिला. वर छत नव्हतं. छत नाही म्हणजे अलार्म नाही.

ठरलं असं की आधी रीतसर म्युझियम पाहायला जायचं, ओळख करून घ्यायची आणि मग ऑक्टोबरसाठी अंगण मागायचं. प्रफुल्लनं वेबसाइटवरून ग्रुप व्हिजिट बुक केली. ऑगस्टमधला रविवार, सकाळी अकरा, चोवीस माणसं. कन्फर्मेशन आपोआप आलं. माणसाशी बोलणं झालंच नाही, आणि तिथंच पहिली चूक झाली.

दुसरी चूक कमलाबाईंची. त्यांनी फर्मान काढलं की सगळ्यांनी पांढरे कपडे घालायचे. प्रफुल्ल म्हणाला, मावशी, म्युझियम आहे ते, जीन्स चालेल की. त्यावर त्या म्हणाल्या की पाहुणे म्हणून जायचं असेल तर जीन्स घाला, घरचे म्हणून जायचं असेल तर पांढरं. पुढं कोण बोलणार? फुलंही पांढरीच आणली, शेवंतीची, दोन बादल्या भरून. शिवाय पांढऱ्या मेणबत्त्यांचे दोन खोके आणि उदबत्त्या. रिकाम्या हातानं विहारात जायची त्यांची रीत नाही.

जागा बाहेरून साधीच होती, एकेकाळचं फर्निचरचं गोदाम. पण पुढून त्याला दोन दारं होती. डावीकडचं लाल, दोन बाजूंना दगडी सिंह. उजवीकडचं लाकडाचं, कोरीव, सोनेरी. लाल दार सताड उघडं होतं, म्हणून मंडळी त्या दारानं गेली. चपला बाहेर काढल्या. दोन-दोनच्या ओळी केल्या. सगळ्यांत पुढं कमलाबाई, हातात स्टीलचं ताट, ताटात पांढरी शेवंती आणि पांढरी मेणबत्ती. मागं तेवीस माणसं, पायापासून डोक्यापर्यंत पांढरी, हात जोडलेली, चेहरे गंभीर.

आत वाढदिवस चालला होता.

भिंतींवर लाल कापडं, त्यावर मोठी सोनेरी अक्षरं. लाल कंदील, लाल टेबलक्लॉथ, नूडल्सच्या परातीच्या पराती, गुलाबी शेंड्याचे पीचच्या आकाराचे वाफवलेले पाव. तीस-चाळीस माणसं, लहान पोरं, हसणं-खिदळणं. मधोमध मोठ्या खुर्चीत लाल रेशमी जॅकेट घातलेली एक म्हातारी. कमलाबाई उंबरठ्याच्या आत आल्या आणि बोलणी एकेक करून थांबली. एका माणसाच्या हातातले नूडल्स चॉपस्टिकवरच राहिले. म्हातारीच्या शेजारी बसलेल्या बाईनं तर तोंडावर हातच ठेवला.

पन्नाशीची एक बाई लगबगीनं पुढं आली. ती म्हातारीची मुलगी, नाव पिम. ती प्रफुल्लला बाजूला घेऊन हलक्या आवाजात बोलली. रागावली नव्हती, पण चेहरा उतरला होता. तिनं सांगितलं ते असं की आज तिच्या आईचा ऐंशीचा वाढदिवस आहे. हे सगळं तिच्याच आईनं उभं केलेलं आहे. बुकिंग आज बंद ठेवायला हवं होतं, ती चूक त्यांची. पण आमच्याकडे पांढरे कपडे, पांढरी शेवंती आणि पांढऱ्या मेणबत्त्या हे सगळं फक्त मयताला असतं. घरातल्या वडीलधाऱ्यांना हा फार वाईट शकुन वाटतोय. तुम्ही कृपा करून आत्ता बाहेर थांबाल का?

प्रफुल्लनं ते मराठीत सांगितलं. कमलाबाईंना क्षणभर काही समजेचना. मग एकदम समजलं. आपण एका जित्याजागत्या बाईच्या वाढदिवसाला मयताची सगळी तयारी घेऊन, ओळीनं, हात जोडून आलो. त्या वळल्या, आणि तेवीस माणसं त्यांच्यामागं वळली.

पार्किंग लॉटमध्ये शंभर फॅरनहाइटच्या वर ऊन होतं. कोणी कोणाकडे बघेना. एकाला हसू आलं होतं, त्यानं ते खोकल्यावर नेलं. प्रितम म्हणाला, चला, घरी जाऊ, ही जागा आता विसरा. प्रफुल्लनं कपाळाला हात लावला होता. त्याच्या तोंडून एवढंच निघालं की मी म्हणालो होतो, जीन्स चालेल. कमलाबाई सिंहाच्या सावलीत चौथऱ्यावर टेकल्या. त्यांना इतकं कानकोंडं झालं होतं की सासरी पहिल्या दिवशीही झालं नसेल. सगळ्यांना पांढरं घालायला आपण लावलं. आपल्या हट्टापायी एका म्हातारीचा दिवस नासला, आणि ऑक्टोबरही गेला हातचा. डोळ्यांत पाणी आलं ते त्यांनी पदरानं टिपलं, आणि मग पदर हातात धरून त्या बघतच राहिल्या. तो पदरही पांढराच.

त्यांना ग्रोसरीतल्या काकू आठवल्या. त्या वेळी झिडकारलं होतं. या वेळी गाडीत बसून निघून गेलो तर तेही झिडकारणंच. इथंही कोणाला काही न सांगताच जाणं होईल.

त्या उठल्या. फुलं, मेणबत्त्या, ताट सगळं प्रितमच्या गाडीच्या डिकीत ठेवलं. मग कोणाला न विचारता एकट्या लाल दाराकडे निघाल्या. उपासना मागं धावली, म्हणाली, आई, मी बोलते, तुम्ही फक्त उभ्या राहा.

"नको. माझी चूक आहे, मीच बोलते. अडले तर तू सांग," कमलाबाई म्हणाल्या.

तेहतीस वर्षं सरकारी रिपोर्ट इंग्रजीत भरलेले. बोलायची सवय नव्हती, पण शब्द होते. त्या थेट खुर्चीसमोर जाऊन उभ्या राहिल्या. पिम मध्ये यायला लागली, तिला म्हातारीनं हातानंच थांबवलं. म्हातारीचं नाव मालीवान. चाळीस वर्षं याच गावात तिनं रेस्टॉरंट चालवलं होतं आणि त्या कमाईतून एकेक वस्तू जमवून हे म्युझियम केलं होतं. तिचं इंग्रजीही कमलाबाईंसारखंच, तुटक आणि थेट, त्यामुळं दोघींना एकमेकींचं सगळं कळत गेलं. कमलाबाईंनी आधी माफी मागितली. म्हणाल्या, तुमचा दिवस मी खराब केला, मला ठाऊक नव्हतं.

मालीवाननं त्यांच्याकडे निरखून पाहिलं आणि विचारलं, "तुमच्याकडे कोण गेलं?"

ग्रोसरीतलाच प्रश्न. पण या वेळी कमलाबाईंना राग आला नाही.

"कोणी गेलं नाही. आमच्याकडे हे कपडे वाढदिवसाचे असतात," त्या म्हणाल्या.

आणि मग त्यांनी सासूबाईंची गोष्ट सांगितली. एकोणीसशे छप्पन साली सासूबाई वीस वर्षांच्या होत्या. त्यांच्या लोकांना गावात पाणवठ्यावर जायची बंदी, देवळाच्या पायरीला शिवायची बंदी. मग त्यांच्या नेत्यानं सांगितलं की हे सगळं मागं टाकायचं, बुद्धाला शरण जायचं, आणि येताना पांढरं नेसून यायचं. नागपूरच्या बाजारात पांढरं लुगडं मिळेना, संपलं होतं. सासूबाईंकडे एकच धड लुगडं होतं, हिरवं. त्यांनी ते सोड्यात उकळलं. एकदा उकळलं, दोनदा उकळलं, तिसऱ्यांदा उकळल्यावर रंग गेला. पुरतं पांढरं झालंच नाही, थोडं हिरवट राहिलं. ते नेसून त्या अकरा कोस चालत गेल्या. त्या दिवसापासून त्या म्हणायच्या की माझा जन्म आज झाला. कोणी वय विचारलं की तिथून मोजायच्या.

"वारल्या तेव्हा कागदावर एक्याऐंशी वर्षांच्या होत्या. स्वतःच्या हिशेबानं एकसष्ट," कमलाबाई म्हणाल्या. "वीस वर्षं त्यांनी मोजलीच नाहीत. म्हणायच्या, ते काय जगणं होतं?"

उपासना मागं उभी राहून रडत होती. सासूच्या सासूची ही गोष्ट तिनं ऐकली होती, पण अशी, परक्या लोकांसमोर, अशा तोडक्या इंग्रजीत कधी ऐकली नव्हती.

मग मालीवानच्या सुरकुत्या हलल्या, आणि ती हसत असल्याचं कळलं. ती म्हणाली, अमेरिकन कागदावर मी एकोणऐंशीची आहे. आमच्यात आईच्या पोटातलं वर्षही धरतात, म्हणून आज ऐंशी. तुझी सासू वीस वर्षं कमी मोजायची, मी एक जास्त मोजते. तिनं हात पुढं केला. कमलाबाईंनी तो दोन्ही हातांत धरला, आणि धरल्या धरल्या सवयीनं नाडीवर बोटं गेली. नाडी ठीक होती.

मग मालीवाननं स्वतःचं सांगितलं. तिचे वडील चिनी, आई थाई. आई दर उपोसथाला, म्हणजे पौर्णिमा-अमावस्येच्या व्रताला, पांढरं नेसून विहारात जायची, आणि लहान मालीवानला ते कपडे जगात सगळ्यांत सुंदर वाटायचे. आई गेली तेव्हा वडिलांकडच्या सगळ्यांनी तिच्यासाठी पांढरं घातलं. त्यानंतर मालीवाननं पांढरा कपडा अंगाला लावला नाही. म्युझियमला दोन दारं त्यामुळंच होती. लाल दार वडिलांचं, सोनेरी दार आईचं. ती पिमकडे वळून म्हणाली, ही माणसं बरोबर कपड्यांत आली आहेत, फक्त दार चुकलं. त्यांना आईच्या दारानं आत घे. पण आधी सगळ्यांना नूडल्स दे, आज कोणी उपाशी जायचं नाही.

पण शकुनाचं काय? कोपऱ्यातल्या एका म्हाताऱ्या मावशी अजून कपाळाला आठ्या घालून बसल्या होत्या. त्यावरही तोड पिमनं काढली. भिंतीवरची लाल कागदाची फुलं तिनं भराभर उतरवली आणि टाचण्यांची डबी घेऊन दारात उभी राहिली. चोवीसच्या चोवीस जणांच्या छातीवर एकेक लाल फूल टोचलं गेलं. प्रफुल्लला टोचताना टाचणी जरा आतच गेली, पण त्यानं हूं की चूं केलं नाही. आठ्यावाल्या मावशींनी मग स्वतः उठून कमलाबाईंचं फूल सरळ केलं.

नूडल्स खाऊन झाल्यावर मंडळी बाहेरून वळसा घालून सोनेरी दारानं आत गेली. तिकडे सागवानाचे कोरीव खांब, काचेच्या कपाटात जुनी भिक्षापात्रं, ताडपत्रावरच्या पोथ्या आणि समोर शांत बसलेला सोनेरी बुद्ध. मेणबत्त्या आणायला प्रितमनं डिकी उघडली तर उन्हानं त्या सगळ्या वाकून एकमेकींना चिकटल्या होत्या. मग नुसतीच फुलं वाहिली आणि पालीतली वंदना म्हटली. पिम दाराशी उभी होती. ती नंतर म्हणाली की चाल वेगळी आहे, पण शब्द आई म्हणते तेच आहेत, माझ्या आजीचे.

ऑक्टोबरचं विचारायला प्रफुल्लनं घरून चिठ्ठी लिहून आणली होती, चांगली दीड पानांची. ती खिशातून काढेपर्यंत मालीवाननं पिमला सांगूनही टाकलं होतं की अंगण यांना द्यायचं. पिमनं इन्शुरन्सचा विषय काढला. मालीवान म्हणाली, वाळूत लावतील, वाळू कधी पेटली आहे का? पुढं त्यावर चर्चा झाली नाही.

मधल्या दोन महिन्यांत कमलाबाई चार वेळा तिथं जाऊन आल्या, उपासनाला ड्राइव्ह करायला लावून. पहिल्यांदा गेल्या त्या बीपीचं मशीन घेऊनच. मालीवानचं बीपी निघालं एकशे साठ, आणि तेव्हापासून म्युझियमच्या स्वयंपाकघरात सोया सॉसची बाटली वरच्या फळीवर गेली. मालीवान कुरकुरते, पण बाटली खाली आणत नाही. एकदा दोघी चिनी दालनात तासभर बसून होत्या. कमळावर उभी असलेली, हातात पाण्याची छोटी बरणी घेतलेली एक मूर्ती तिथं आहे. मालीवाननं सांगितलं की ही जगातल्या सगळ्यांचं रडणं ऐकते. कमलाबाई म्हणाल्या, म्हणजे ही पण नर्सच.

घरी एक बदल झाला तो प्रितमच्या ध्यानात उशिरा आला. कोणी साडीबद्दल विचारलं की आई चिडत नव्हती. सांगत बसत होती. लीजिंग ऑफिसच्या पोरीलासुद्धा तिनं हिरव्या लुगड्याची गोष्ट सांगितली, आणि ती पोरगी टिश्यूनं डोळे पुसत परत गेली. ग्रोसरीतल्या काकू पुन्हा भेटल्या तेव्हा कमलाबाईंनीच हाक मारली आणि म्हणाल्या, त्या दिवशी मी तुमच्यावर उगाच डाफरले, आता ऐका. काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि प्रवर्तन दिनाला यायचं कबूल केलं.

चौदा ऑक्टोबरच्या जवळच्या रविवारी अंगणात नव्वद माणसं जमली. सगळी पांढरी, सगळी सोनेरी दारानं आत आलेली. पितळी पात्राच्या वाळूत प्रफुल्लनं मोजून एकोणसत्तर मेणबत्त्या खोचल्या, दोनदा मोजल्या. कमलाबाईंनी पहाटे उठून साडीला इस्त्री केली होती. वर नुसतं निळं आभाळ होतं. भोंगा वाजवायला तिथं काही नव्हतंच. लेकरं पात्राभोवती गोळा झाली होती आणि आया त्यांना मागं ओढत होत्या.

वंदना सुरू करायची वेळ झाली तरी मालीवानचा पत्ता नव्हता. कमलाबाईंचं लक्ष सारखं दाराकडे. अकरा वाजून दहा मिनिटं झाली. प्रफुल्ल हळूच म्हणाला, मावशी, लोक थांबलेत. त्या म्हणाल्या, थांबू देत.

मग सोनेरी दार उघडलं आणि पिमचा हात धरून मालीवान आली. पांढरा ब्लाऊज, पांढरी थाई लुंगी, पायांत पांढरे मोजे. छातीवर लाल कागदाचं फूल, तेच ऑगस्टमधलं, जरा चुरगळलेलं. आई गेल्यापासून बावन्न वर्षांत तिला कोणी पांढऱ्यात पाहिलं नव्हतं. पिमनंही नव्हतं, त्यामुळं तिचे डोळे लाल झालेले होते. अंगणातली माणसं आपसूक बाजूला झाली.

मालीवान सरळ कमलाबाईंपाशी आली.

"वाढदिवसाला आले आहे. किती वर्षं झाली?" तिनं विचारलं.

"एकोणसत्तर," कमलाबाई म्हणाल्या.

मालीवाननं पात्रातल्या मेणबत्त्यांकडे पाहिलं आणि मान हलवली. "आमच्या हिशेबानं सत्तर. आईच्या पोटातलं वर्ष सोडायचं नसतं."

आता आली पंचाईत. प्रफुल्लनं मोजून आणल्या होत्या, एकही जास्त नव्हती. त्यानं खोके चाचपले, पिशव्या उलट्या केल्या. प्रितम गाडीकडे धावला आणि डिकीच्या कोपऱ्यातून काहीतरी घेऊन आला. ऑगस्टमध्ये वाकून राहिलेल्या मेणबत्त्यांपैकी एक तिथं टूलबॉक्समागं अडकून पडली होती. धनुष्यासारखी वाकलेली, धूळ बसलेली. कमलाबाईंनी ती पदरानं पुसली. खळ घातलेल्या, इस्त्रीच्या पदरानं.

सत्तरावी मेणबत्ती मालीवाननं पेटवली. पण ती वाकडी होती, वाळूत धड उभी राहीना, सारखी कलायची. मग दोघीजणी पात्राशी वाकल्या, आणि दोन्ही बाजूंनी हातांनी वाळू दाबून दाबून त्यांनी ती उभी केली.